डिझेल नावाचा माणूस आणि तळणाचे तेल

दरवर्षी 10 ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन पाळला जातो. 1893 साली याच दिवशी रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने आपले इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले, अशी गोष्ट त्या निमित्ताने हमखास सांगितली जाते. गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती तशी घडलेली नाही. त्या दिवशी इंजिनात शेंगदाण्याचे तेल नव्हते आणि ते इंजिन स्वतःच्या बळावर चाललेही नाही. शेंगदाण्याच्या तेलाचा प्रयोग खराच झाला, मात्र तो सात वर्षांनी, पॅरिसमध्ये. मधल्या काळात काय झाले आणि पुढे त्या माणसाचे काय झाले, हे समजून घेतले तर आपल्या कढईत उरलेल्या तेलाचे काय करावे, याचेही उत्तर बरेचसे सापडते.

आपल्या वाशीम जिल्ह्यात डिझेल हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. ट्रॅक्टर, सोयाबीनची मळणी, हार्वेस्टर, एस.टी. आणि वीज नसलेल्या विहिरीवरचे इंजिन, सगळे त्याच्यावर चालते. कारंजावरून जाणाऱ्या यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरच्या शकुंतलेचे वाफेचे इंजिन 1994 साली निवृत्त झाले आणि तिथेही डिझेल इंजिन आले. पण डिझेल हे मुळात एका माणसाचे आडनाव आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

रुडॉल्फचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातले. वडील मूळचे पुस्तकबांधणी करणारे. पॅरिसला येऊन ते चामड्याच्या वस्तू बनवू लागले. घरची परिस्थिती बेताची. मुलगा वडिलांचा माल गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवायचा आणि सवड मिळाली की यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन तिथली जुनी यंत्रे पाहत राहायचा. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधल्या जर्मनांना शहर सोडावे लागले. हे कुटुंब लंडनला गेले आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतल्या आऊग्सबुर्ग गावी नातेवाइकांकडे शिकायला पाठवण्यात आले. आपल्याकडे शिक्षणासाठी मामाच्या किंवा काकाच्या घरी राहिलेल्या मुलाला त्या पोरक्या वयाची कल्पना येईल.

अभ्यासात तो पहिल्यापासून पुढे होता. शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रशाळेत गेला. तिथे कार्ल फॉन लिंडे हे त्याचे प्राध्यापक होते. यांत्रिक शीतकरणाचे तंत्र विकसित करणारे हे मोठे नाव. त्यांच्या वर्गात त्याला एक गोष्ट कळली आणि ती त्याच्या मनातून कधी गेली नाही. त्या काळच्या वाफेच्या इंजिनात जाळलेल्या कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्साच कामाला यायचा. बाकी सारी उष्णता धुरांड्यातून आणि वाफेतून वाया जायची. हे नुकसान कमी करणारे यंत्र आपण बनवायचे, असे त्या विद्यार्थ्याने ठरवले. 1879 मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने गाठले. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. त्या आजारातून उठणे हे नशिबाचे काम होते. तो उठला, पुढच्या वर्षी परीक्षेला बसला आणि उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

पुढची दहा वर्षे त्याने लिंडे यांच्या बर्फाच्या आणि शीतयंत्रांच्या व्यवसायात काढली, आधी पॅरिसला आणि मग बर्लिनला. मार्था या तरुणीशी लग्न झाले, तीन मुले झाली. नोकरी सांभाळून इंजिनाची आकडेमोड चालूच होती. 1892 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि 1893 मध्ये आपल्या कल्पनेवर एक पुस्तक प्रसिद्ध केले.

कल्पना अशी. सायकलच्या टायरमध्ये पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. डिझेलने ठरवले की सिलिंडरमधली हवा पिस्टनने इतकी दाबायची की ती लालबुंद लोखंडासारखी तापेल, आणि मग त्या तापलेल्या हवेत इंधन सोडायचे. ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, ज्योत नको, बॉयलर नको. पेटवण्याचे काम हवेची उष्णताच करत असल्याने हे इंजिन पेट्रोलच्या इंजिनाइतके इंधनाचे नखरे करत नाही. तेलाच्या गोष्टीचे मूळ इथे आहे.

आऊग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याने त्याला जागा दिली, माणसे दिली. 10 ऑगस्ट 1893 रोजी पहिली चाचणी झाली. इंजिन बाहेरून फिरवले आणि आत खनिज तेलापासूनचे इंधन सोडले. ते पेटले, पण दाब इतका वाढला की तो मोजणारे उपकरणच फुटून उडाले. जवळ उभी असलेली माणसे थोडक्यात बचावली. दाबाने इंधन पेटते एवढे त्या दिवशी सिद्ध झाले. इंजिन स्वतःच्या बळावर पहिल्यांदा फिरले ते 17 फेब्रुवारी 1894 रोजी, आणि तेही सुमारे एक मिनिट. त्यानंतर तीन वर्षे जोडण्या, तोडण्या, गळती आणि धूर यांतच गेली. फेब्रुवारी 1897 मध्ये एका प्राध्यापकाने त्रयस्थपणे मोजमाप केले, तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी 26.2 टक्के कामाला येत असल्याचे दिसले. वाफेच्या इंजिनापेक्षा हे दुपटीहून जास्त होते.

डिझेलच्या मनात आणखी एक गोष्ट होती. वाफेचे अवाढव्य यंत्र फक्त मोठ्या कारखानदाराला परवडे आणि त्याच्यासमोर गावातला लोहार, सुतार, विणकर टिकत नसे. त्याच्या हाती छोटे, स्वस्त इंजिन आले तर तो आपल्या पायावर उभा राहील, असे त्याला वाटे. पुढे त्याने कामगारांनी एकत्र येऊन, पै-पै जमवून स्वतःचे कारखाने चालवावेत, अशा विचाराचे पुस्तकही लिहिले. ते फारसे कोणी विकत घेतले नाही. सहकाराचा वारसा असलेल्या महाराष्ट्रात ते आले असते, तर कदाचित जास्त वाचले गेले असते.

आता शेंगदाण्याच्या तेलाकडे येऊ. 1900 साली पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तिथे डिझेलच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच प्रदर्शनात ऑटो कंपनीने मांडलेले एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालत होते. ही मागणी फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहतींत शेंगदाणा भरपूर पिकत होता. कोळसा आणि खनिज तेल मात्र बाहेरून न्यावे लागे. तिथल्या उष्ण मुलखात तिथल्याच तेलावर इंजिने चालतील का, हे त्यांना पाहायचे होते. इंजिन खनिज तेलासाठी बनवलेले होते. त्यात काही बदल न करता ते इतके सुरळीत चालले की ते कशावर चालले आहे, हे बहुतेकांच्या लक्षातही आले नाही. डिझेलने नंतर स्वतः असे प्रयोग करून पाहिले. मृत्यूच्या आदल्या वर्षी, 1912 मध्ये, लंडनच्या अभियंत्यांसमोर बोलताना त्याने ही हकीकत सांगितली आणि वनस्पती तेलांचे महत्त्व आज कमी वाटले तरी पुढे ती खनिज तेलाच्या बरोबरीला येऊ शकतील, असे मत मांडले. ज्या देशात ऊन भरपूर आहे, त्याने आपले इंधन शेतात पिकवावे, हा त्याचा मथितार्थ.

एवढे सगळे मिळवलेला हा माणूस आतून मात्र सुखी नव्हता. पेटंटच्या हक्कांतून तो लक्षाधीश झाला, म्युनिकला त्याने मोठा बंगला बांधला. पण पेटंटवरून कज्जे सुरू झाले. सुरुवातीची काही इंजिने गिऱ्हाइकांकडे बंद पडली आणि परत आली. 1898 च्या सुमारास तो अतिश्रमाने इतका खचला की त्याला उपचारांसाठी आरोग्यधामात राहावे लागले. डोकेदुखी आणि निद्रानाश यांनी त्याला शेवटपर्यंत सोडले नाही. जमिनींच्या आणि तेलविहिरींच्या व्यवहारांत पैसा बुडत गेला. वरून थाट तोच राहिला आणि आतून कर्ज वाढत गेले. 29 सप्टेंबर 1913 च्या संध्याकाळी तो बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरातून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेसडेन या बोटीत चढला. इंग्लंडमध्ये त्याच्या इंजिनांच्या नव्या कारखान्याचे काम होते. सकाळी तो खोलीत नव्हता. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह सापडला; त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. तेव्हा त्याचे वय 55 होते. घातपाताच्या अफवा खूप उठल्या, पण बहुतेक अभ्यासक ती आत्महत्याच मानतात. त्याची खाती रिकामी होती आणि देणी डोक्यावर होती, हे घरच्यांना पुरते कळले ते त्यानंतरच.

डॉक्टर म्हणून या ठिकाणी थांबणे मला भाग आहे. 2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. कर्ज हे कारण आपण नेहमी बोलतो. पण अनेक घरांत कर्जाइतकेच घातक ठरते ते त्याचे लपवणे. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, माणसांत न मिसळणे, निरवानिरवीची भाषा करणे ही नैराश्याची लक्षणे आहेत आणि नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. बुद्धी, कीर्ती किंवा बंगला यांमुळे त्यापासून संरक्षण मिळत नाही, हे डिझेलच्या आयुष्याकडे पाहून समजते. घरात असे कोणी दिसले तर त्याला सरळ विचारावे. विचारल्याने धोका वाढत नाही. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचे उपचार मिळतात.

डिझेल गेला, खनिज तेल स्वस्त झाले आणि इंजिने त्याच इंधनाला अनुरूप बनत गेली. वनस्पती तेलाची आठवण टंचाई आली की व्हायची. 1937 मध्ये बेल्जियममध्ये वनस्पती तेलाचे रासायनिक रूपांतर करून इंधन बनवण्याचे पेटंट घेतले गेले आणि पुढच्याच वर्षी त्या इंधनावर तिथे एक बस चालवण्यात आली. आज आपण ज्याला बायोडिझेल म्हणतो, ते हेच.

रूपांतराची गरज का पडली, हे समजून घ्यायला हवे. गोडेतेल आणि डिझेल यांत मुख्य फरक घट्टपणाचा आहे. 40 अंश तापमानाला वनस्पती तेल डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असते. इंजिनाचे नोझल इंधनाचा धुक्यासारखा बारीक फवारा करते. घट्ट तेलाचा फवारा नीट होत नाही, मोठे थेंब पडतात आणि ते अर्धवट जळतात. त्यातून नोझलवर कोळशाचा थर बसतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेले तेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरून त्याचा चिकट गोळा करते. तळणाचे उरलेले तेल तर आणखी अवघड. वारंवार तापल्याने ते जास्त घट्ट झालेले असते, त्यात पदार्थांतले पाणी, पिठाचे कण आणि मीठ असते, आणि त्याची आम्लता वाढलेली असल्याने पंपाचे भाग गंजतात.

हवामान इथे आपल्या बाजूचे आहे. तेल तापले की भराभर पातळ होते. युरोपात थंडीत जे तेल टाकीतच थिजते, ते आपल्याकडे मे महिन्याच्या 43–44 अंशांत पाण्यासारखे वाहते. त्यात डिझेल मिसळले की ते आणखी पातळ होते. म्हणूनच गाळलेले तेल थोड्या प्रमाणात डिझेलमध्ये मिसळून जुने, संथ गतीचे, एका सिलिंडरचे पाण्याचे इंजिन चालवले तर ते चालते. पण चालते म्हणजे टिकते असे नाही. पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही; थर साचत राहतो आणि खर्च काही महिन्यांनी समोर येतो. शिवाय आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची पहाट दहा-बारा अंशांपर्यंत उतरते. हॉटेलांच्या तेलात पामतेल किंवा वनस्पती तूप असेल तर ते त्या थंडीत गोठते आणि फिल्टर तुंबतो. 2020 पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांमध्ये तर असले मिश्रण घालूच नये. त्यांची इंधन यंत्रणा अतिशय नाजूक आणि महाग असते.

यावर खात्रीचा मार्ग म्हणजे बायोडिझेल. तेल गाळून, त्यातले पाणी काढून, कॉस्टिक सोड्यासारख्या पदार्थाच्या मदतीने त्याची मिथेनॉलशी साधारण 60 अंशांवर प्रक्रिया केली जाते. 100 किलो तेलाला साधारण 11 किलो मिथेनॉल लागते. तळाशी ग्लिसरीन बसते आणि वर राहते ते जवळजवळ डिझेलइतके पातळ इंधन. वाचायला हे सोपे वाटते आणि घरी करून दाखवणारे उत्साही लोकही असतात. पण हा उद्योग घरी करू नये. मिथेनॉल हे तेच विष आहे ज्याने विषारी दारूकांडात माणसे आंधळी होतात आणि मरतात. त्याची वाफ श्वासातून आणि द्रव कातडीतूनही शरीरात जातो, आणि ते पेटते तेव्हा त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना दिसतही नाही. कॉस्टिकचा एक शिंतोडा डोळा कायमचा घालवू शकतो. हे काम परवानाधारक कारखान्याचेच.

आपले काम त्याच्या आधीचे आहे, आणि ते आरोग्याचे आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे तयार होतात. ही संयुगे रक्तदाब, रक्तवाहिन्यांचे काठिण्य आणि यकृताचे विकार यांच्याशी जोडली गेली आहेत. म्हणून भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून त्यांची मर्यादा 25 टक्के ठरवली. त्यापुढचे तेल खाण्यासाठी वापरणे बेकायदा आहे. त्याच वर्षी 10 ऑगस्टला प्राधिकरणाने असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची ‘रुको’ ही मोहीम सुरू केली. तळणासाठी दिवसाला 50 लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवून उरलेले तेल मान्यताप्राप्त संस्थेलाच द्यायचे आहे. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी वापरलेले खाद्यतेल हा एक महत्त्वाचा कच्चा माल मानला आहे.

अडचण अशी की काळे पडलेले तेलही पैसे देऊन घेणारा कोणीतरी असतो. मोठ्या कढईतले तेल छोट्या गाडीवर जाते आणि तिथून शेवटी मजुराच्या, शाळकरी पोराच्या भज्यात उतरते. हृदयविकाराचे रुग्ण आता चाळिशीतच दिसू लागले आहेत. त्याला तंबाखू, मधुमेह, ताण अशी अनेक कारणे आहेत, पण हे तेल त्यात भर घालते आणि ते टाळणे आपल्या हातात आहे. हे तेल इंजिनाकडे वळले तर एकाच वेळी दोन गोष्टी साधतात. ते पोटात जात नाही, आणि तेवढे खनिज डिझेल कमी जळते. डिझेलचा धूर फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच जाहीर केले आहे. बायोडिझेलच्या धुरात काजळीचे कण साधारणपणे कमी असतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र काही वेळा किंचित वाढतात. म्हणून तेही निर्धोक समजून चालत्या इंजिनाजवळ बसू नये.

घरी पाळायचे नियम साधे आहेत. तळायला लागेल तेवढेच तेल कढईत घ्यावे. एकदा तळून उरलेले तेल गाळून भाजी-फोडणीला वापरावे आणि एक-दोन दिवसांत संपवावे. ते ताज्या तेलाच्या डब्यात परत ओतू नये. तेल काळे पडले, फेसाळले, चिकट झाले किंवा लवकर धूर सोडू लागले, तर त्याचा खाण्यासाठीचा उपयोग संपला. ते मोरीत ओतू नये, नाली तुंबते. बाटलीत साठवून गल्लीतल्या, बचत गटातल्या बायकांनी एकत्र केले तर ते गोळा करणाऱ्याला देण्याजोगे होते. दुकानदारांनी देताना पावती घ्यावी आणि घेणारा मान्यताप्राप्त आहे का, ते पाहावे. बाहेर खाताना कढईतल्या तेलाचा रंग पाहण्याची सवय आपण ग्राहकांनीही लावून घ्यावी.

करंजाच्या बियांचे तेल, जे खाण्याजोगे नाही, त्यापासूनही बायोडिझेल करता येते, आणि आपल्या जिल्ह्यात तर त्याच नावाचे गाव आहे. तेलबियांचा हा मुलूख आहे. पण शेतातून नवे तेल इंजिनात घालण्याआधी कढईतले वाया जाणारे तेल तिथे पोहोचले पाहिजे. रुडॉल्फ डिझेलला सर्वांत जास्त चीड होती ती वाया जाणाऱ्या उष्णतेची, आणि पहिल्या स्फोटापासून प्रत्यक्ष मोजमापापर्यंत पोहोचायला त्याने साडेतीन वर्षे घेतली. घाई न करता, तपासून, मोजून हे काम करण्याची त्याची पद्धतच इथे उपयोगी पडेल. जे तेल पोटाला नको ते इंजिनाला चालेल, पण इंजिनालाही ते धुऊन, निवळूनच द्यावे लागते.